नांदगांवाकडील जुन्या घरांतील काच : तिचा काळ आणि तिची साक्ष

नांदगांव, मनमाड, चांदवड आणि येवलें ह्या टापूंत जुनीं घरें पाहावयास गेलें असतां घरमालक प्रथम दिंडीदरवाजा दाखवितो, मग तुळयांवरील कोरीव काम दाखवितो, आणि शेवटीं माडीच्या दारावरील कमानींत बसविलेल्या तांबड्या, निळ्या व हिरव्या काचांकडे बोट करून, हें सर्व पेशवाईंतलें, असें सांगतो. त्यांत त्याचा दोष नाहीं. वडिलांनीं त्यास तसेंच सांगितलेलें असतें. परंतु आमच्यासारख्या कागद गोळा करणारांनीं तें वाक्य जसेंच्या तसें टिपून घ्यावें, त्यावरून घराचा काळ ठरवावा, आणि त्या घराच्या माळ्यावर सांपडलेल्या बिनतारखी रुमालासही तोच काळ लावावा, हें मात्र चिंत्य होय. कागदाला आधार घराचा, घराला आधार काचेचा, आणि काचेला आधार कोणाचा म्हणाल तर ऐकीव गोष्टीचा! अशा साखळीची पहिलीच कडी तपासून घेणें अवश्य आहे.

ह्यास्तव काच आपल्याकडे इमारतीच्या कामीं केव्हां व कोणत्या वाटेनें आली, हें येथें पाहावयाचें योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, काच ह्या देशांत फार जुनी आहे, परंतु घराच्या भिंतींत ती फार उशिरां शिरली; आणि नांदगांवासारख्या घाटमाथ्यावरील गांवीं तर ती आगगाडीच्या पाठोपाठ आली, असें मानण्यास सबळ कारणें आहेत.

काच हा शब्द वैदिक वाङ्मयाइतका जुना आहे. शतपथ ब्राह्मणांत अश्वमेधाच्या प्रसंगीं राण्या घोड्याच्या केसांत मणी ओंवतात, त्या मण्यांस काच म्हटलें आहे. कौटिलीय अर्थशास्त्रांतही काचेचा निर्देश आहे. महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें तर भूमीनेंच साक्ष दिली आहे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५–४६ सालीं, नाशिकास मातीच्या गढीवर १९५०–५१ सालीं, आणि प्रवरेच्या कांठीं नेवाशास १९५४ पासून डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी ह्यांनीं जीं उत्खननें केलीं, त्यांत काचेचे मणी व बांगड्यांचे तुकडे मिळाले. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित ह्यांनीं ह्या विषयाचा आयुष्यभर पाठपुरावा करून 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. तो १९६९ सालीं मुंबई विद्यापीठानें छापला. ह्यांपैकीं नांदगांवापासून फार दूर नसलेल्या नाशिक व नेवासें ह्या स्थळांवरून एवढें निश्चित ठरतें कीं, सातवाहनांच्या काळापासून गोदाखोऱ्यांतील माणसाच्या गळ्यांत व हातांत काच होती. घरांत मात्र नव्हती. हातांतील काच खिडकींत जाण्यास सुमारें दोन हजार वर्षें लागलीं, ही गोष्ट नवलाची वाटेल. पण तिचें कारण भट्टींतच आहे.

आपल्याकडे काच करणारे काचारी लोक. त्यांची भट्टी लहान, मुशी लहान. लोखंडी सळईच्या टोंकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यावयाचा, त्याचें वळें करावयाचें, आणि तें शंकूवर फिरवीत फिरवीत मोठें करून बांगडी उतरवावयाची, ही त्यांची रीत. सांधा नसलेली बांगडी ही ह्या रीतीची खूण होय. फुटक्या बांगड्या गोळा करून पुन्हा वितळविणें हाही त्याच धंद्याचा भाग असे. ह्या कामांत कौशल्य पुष्कळ आहे, परंतु हात-दीड हात लांबीचा सपाट, पातळ व आरपार दिसणारा पत्रा त्यांतून निघूं शकत नाहीं. त्यास मोठी भट्टी, फार मोठी उष्णता, काच फुंकून फुगविण्याचा सराव, आणि तयार झालेला पत्रा तडकूं नये म्हणून हळूहळू निवविण्याची निराळी भट्टी, इतकीं साधनें लागतात. काचाऱ्यास तीं मिळवावीं असें वाटण्यासारखी मागणीच नव्हती. नांदगांवाकडील कोरड्या, उन्हाळी मुलखांत घराच्या भिंतीला भोंक पाडावयाचें तें वाऱ्यासाठीं. आणि तें बंद करावयाचें तें चोरासाठीं व ऊन अडविण्यासाठीं. दोन्ही कामांस लांकडी झडप पुरे.

काचेचा इमारतीशीं पहिला संबंध आला तो तावदानाच्या रूपानें नव्हे, तर मातीवरील झिलईच्या रूपानें. भाजलेल्या विटेवर किंवा फरशीवर जी चकचकीत रंगीत झिलई असते, ती वस्तुतः काचच होय. नांदगांवाहून वेरुळाकडे व तेथून पुढें दौलताबादेस गेल्यास किल्ल्यांत चिनी महाल लागतो. ह्याच महालांत गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा, १६८७ सालीं राज्य गेल्यावर, औरंगजेबाच्या कैदेंत राहिला. महालाचें नांव त्यावरील निळ्या झिलईच्या फरश्यांवरून पडलें, व त्यांचे अवशेष तेथें दिसतात. 'चिनी' हा शब्द दफ्तरांत आला कीं चीन देशाचा माल असा अर्थ घेण्याची घाई होते. पुष्कळदा तो केवळ झिलईचा वाचक असतो, हें चिनी महालावरून ध्यानांत यावें.

कोंकणपट्टीची कथा निराळी. तेथें फिरंगी आले, घरें बांधूं लागले, आणि त्यांस पावसाळ्यांत पाणी बाहेर ठेवून उजेड आंत घेण्याची अडचण पडली. गोव्यांतील जुन्या घरांच्या व चर्चांच्या खिडक्यांत चपट्या, अर्धपारदर्शक शिंपांचे तुकडे लांकडी चौकटींत ओळीनें बसविलेले दिसतात, ते ह्याच अडचणीचें उत्तर होत. मुंबईंत इंग्रजांनींही अठराव्या शतकांत हीच युक्ति चालविली. ह्यावरून विचार करावा. ज्यांच्या देशांत काचेच्या खिडक्या होत्या, जहाजें ज्यांच्या दारांत लागत होतीं, त्यांनाच जर काच परवडत नव्हती व शिंपांवर भागवावें लागत होतें, तर घाट चढून चांदवड-नांदगांवाकडच्या सावकारानें त्या काळीं आपल्या माडीला रंगीत काचा बसविल्या, हें सहजासहजीं कसें मानावें?

येथें कोणी आरसेमहालाचा दाखला देईल, व तो देणें योग्यच आहे. पुण्याच्या शनवारवाड्यांत आरसेमहाल होता. वाड्याचें काम १७३० सालीं सुरू झालें, १७३२ सालीं वास्तुशांत झाली, आणि १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत आंतील इमारती जळाल्या. त्यांत आरसेमहालही गेला. परंतु आरसेमहाल म्हणजे आरशांनीं सजविलेली जागा, काचेच्या खिडक्यांची जागा नव्हे. आरसे, हंड्या, झुंबरें हा माल श्रीमंताचा. तो नजराण्यांत येई, खरेदीनें येई, पेट्यांतून गवत भरून जपून आणला जाई, आणि छताला टांगला किंवा भिंतीवर लावला जाई. तो इमारतीचा अलंकार होता, अवयव नव्हता. नांदगांवच्या शेजारीं चांदवडास होळकरांचा रंगमहाल आहे. अहल्याबाईंच्या नांवाशीं निगडित असलेली ही वास्तु त्या काळच्या थाटाची उत्तम साक्ष होय. तिची कीर्ति कोरीव खांबांमुळें व भिंतींवरील चित्रांमुळें आहे, काचेमुळें नाहीं.

आतां शब्दांकडे वळूं, कारण कागदवाचकांची खरी फसगत येथें होते. चार शब्द विशेष जपून वाचण्यासारखे आहेत.

आरसा हा शब्द संस्कृत आदर्शापासून आला. आदर्श म्हणजे ज्यांत पाहावयाचें ती वस्तु. ती प्रथम घासून लखलखीत केलेल्या धातूची असे. म्हणून जुन्या काव्यांत किंवा यादींत आरसा आला तर काच आलीच असें होत नाहीं.

तावदान हा शब्द फारसी ताबदानापासून झाला. ताब म्हणजे तेज. ताबदान म्हणजे उजेड येण्याचें छिद्र, झरोका. काचेचा त्या शब्दांत अंशही नाहीं. आज आपण तावदान म्हणतांच काच डोळ्यांपुढें येते, परंतु जुन्या कागदांत 'तावदानें चार' असें आल्यास तीं लांकडी जाळीचीं असूं शकतात, कापडाचीं असूं शकतात, किंवा नुसतीं उघडींही असूं शकतात. पुढें 'काचेचीं' असा स्पष्ट शब्द असेल तरच काच समजावी.

बिलोर हा मुळांत स्फटिक. बिलोरी म्हणजे प्रथम स्फटिकाचा, मग स्फटिकासारख्या स्वच्छ काचेचा. भिंगाचीही तीच तऱ्हा.

चौथा शब्द सर्वांत घातकी. फारसींत शीशा म्हणजे काच व बाटली. त्यावरून आपले शिसा, शिशी व शिसमहाल हे शब्द आले. इकडे मराठींत शिसें म्हणजे गोळ्या ओतण्याची धातु. ह्या दोहोंचें सामान्यरूप एकच होतें, शिशाचा, शिशाची, शिशाचें. त्यांत मोडी लिपींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाहीं, आणि घाईच्या हातांत शेवटचा काना किंवा मात्राही दगा देते. म्हणजे एखाद्या यादींतील 'शिशाचे' हा शब्द वाचून तोफखान्याचा कागद दिवाणखान्याचा ठरावा, किंवा उलट, असा धोका आहे. ह्यावर उपाय साधा आहे. पुढील आंकडा पाहावा. शिसें वजनानें लिहितात, शेर, मण, खंडी ह्या मापांनीं. बाटल्या व आरसे नगांनीं लिहितात. आंकड्यापुढें माप असेल तर धातु, नुसता आंकडा असेल तर काच, असा सामान्य नियम धरण्यास हरकत नाहीं. मागचीपुढचीं कलमें तर पाहावींच.

आरशांविषयीं आणखी एक खूण संग्राहकांच्या उपयोगाची म्हणून सांगतों. आरशाचा पारा उडाला असें आपण म्हणतों तें पूर्वीं अक्षरशः खरें होतें. काचेच्या पाठीमागें कथलाचा पातळ पत्रा व पारा ह्यांचा लेप देत. काचेवर रुपें चढविण्याची रासायनिक रीत जर्मन शास्त्रज्ञ लीबिग ह्यानें १८३५ सालीं दाखविली, आणि पुढील अर्धशतकांत तिनें हळूहळू पाऱ्यास हुसकून लावलें. पाऱ्याचा आरसा राखी पडतो व त्यांत बारीक कण चमकतात; रुप्याचा आरसा कडेनें काळवंडतो व पिंवळट डाग धरतो. 'पेशव्यांच्या वेळचा' म्हणून विकावयास आलेल्या आरशाची पाठ पाहिल्याशिवाय पैसे मोजूं नयेत.

आतां तावदानी काचेकडे येऊं. विलायतेंत ती करण्याच्या दोन जुन्या रीती होत्या. पहिल्या रीतींत काचेचा फुगा फुंकून, त्यास तोंड पाडून, तो सळईवर इतक्या वेगानें गरगर फिरवीत कीं त्याची भाकरीसारखी वाटोळी चकती होई. मध्यें सळईच्या जागीं जाड गांठ राही. ह्या चकतींतून चौकोन कापून काढीत. अशा काचेंत धनुष्यासारख्या वांकड्या लाटा दिसतात. दुसऱ्या रीतींत लांबट नळकांडें फुंकून, त्याचीं टोंकें कापून, तें उभें चिरीत आणि भट्टींत उलगडून सपाट करीत. ह्या काचेंतील बुडबुडे एका दिशेनें लांबट असतात. इंग्लंडांत काचेवर जबर जकात होती. ती १८४५ सालीं उठली, आणि मग मोठ्या व स्वस्त काचेचा सुकाळ झाला. १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनासाठीं जोसेफ पॅक्स्टन ह्यानें जो स्फटिकमहाल उभारला, त्यास बर्मिंगहॅमजवळील चान्स बंधूंच्या कारखान्यानें दुसऱ्या रीतीची सुमारें ९ लाख चौरस फूट काच पुरविली. तेथून पुढें काच ही राजेरजवाड्यांची वस्तु न राहतां बांधकामाचा माल झाली. पेशवाई त्यापूर्वीं तेहतीस वर्षें बुडाली होती, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

येथें एका लोकभ्रमाचा परामर्श घेतला पाहिजे. जुनी काच खालच्या बाजूस जाड असते, कारण काच ही अतिशय घट्ट असा रस असून ती शतकानुशतकें हळूहळू खालीं ओघळते, असें शिकलेले लोकही सांगतात, व त्यावरून घराचें वय काढूं पाहतात. हें खरें नाहीं. घरांतील नित्याच्या उष्णतेंत काच इतकी ओघळावयास मानवी इतिहासाचा सर्व काळही पुरणार नाहीं. फिरवून केलेली चकती मुळांतच कडेला व मध्यें असमान जाडीची असे, आणि जाड बाजू खालीं बसविणें कारागिरास सोयीचें वाटे, एवढाच त्याचा अर्थ.

हा माल नांदगांवास कसा आला? जहाजानें मुंबईपर्यंत येणें सोपें होतें. पुढें थळघाट बैलगाडीनें चढवून काच शाबूत नेणें म्हणजे निम्मी वाटेंत सांडणें होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मनमाड ते चाळीसगांव हा नांदगांवावरून जाणारा भाग १८६१ सालीं सुरू झाला. परंतु कसारा ते इगतपुरी हा घाटाचा तुकडा १ जानेवारी १८६५ रोजीं खुला होईपर्यंत मुंबईची पेटी न उतरवितां नांदगांवास पोंचत नव्हती. म्हणून आम्ही १८६५ हें वर्ष ह्या टापूंतील तावदानी काचेचा उंबरठा मानतों. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि युरोपचा माल मुंबईस येण्याची वाटही आंखूड झाली.

त्यांतही नांदगांवाचें स्थान विशेष होतें. निजामाच्या मुलखांतून मनमाड-सिकंदराबाद मार्ग १९०० च्या सुमारास तयार होईपर्यंत औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर), दौलताबाद व वेरूळ येथें जाणारा प्रवासी नांदगांवासच उतरे व पुढें टांग्यानें जाई. त्या वेळच्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत वेरुळाचें स्टेशन म्हणून नांदगांवच दिलेलें असे. लेणीं पाहावयास येणारे साहेबलोक, निजामाकडील अंमलदार आणि औरंगाबादेचे व्यापारी ह्यांची ये-जा सुमारें पस्तीस-चाळीस वर्षें ह्या गांवावरून होती. अशा ठिकाणीं मालाची उतारपेठ होणें स्वाभाविक होय. नव्या मार्गानें ही रहदारी मनमाडाकडे वळविली. तेव्हां नांदगांवच्या एखाद्या माडीवर काच दिसली तर ती १८६५ ते १९०० ह्या भरभराटीच्या काळांतील असण्याचा संभव प्रथम तपासावा, असें आम्हांस वाटतें.

काच आली तरी ती खिडकींत गेली नाहीं, ही गोष्ट मनोरंजक आहे. खिडकीला गज व झडपा पूर्ववत् राहिल्या. काचेनें दोन जागा धरल्या. एक, दारावरील किंवा खिडकीवरील कमान. दार लावून घेतलें तरी माडींत उजेड राहतो, ऊन रंगांतून गाळून येतें, डोळ्यांवर तिरीप येत नाहीं, आणि वाऱ्याचें काम खालची झडप करतेच. उष्ण देशांत बंद काचेमागें खोली तापते. म्हणून काच उंच, लहान व रंगीत ठेवावयाची, ह्यांत शोभेइतकाच व्यवहारही होता. दुसरी जागा छप्पर. ह्या भागांत धाब्याचीं घरें पुष्कळ. धाब्याला उजेडासाठीं व धूर जाण्यासाठीं जें भोंक ठेवतात, त्यास कोठें साणें तर कोठें सवणें म्हणतात. पावसाळ्यांत त्यावर खापर किंवा दगड ठेवावा लागे व घरांत अंधार होई. त्या भोंकावर काचेचा तुकडा आला आणि स्वयंपाकघरांत पावसाळ्यांतही उजेड झाला. इतिहासकारांचें लक्ष कमानीकडे जातें, पण गृहिणीच्या दृष्टीनें पाहिल्यास ह्या घरांतील काचेचा खरा उपकार साण्यावरचाच होय. मंगळुरी कौलें आल्यावर त्याच घडणीचें काचेचें कौल मधूनमधून बसविण्याची चाल पडली. बासेल मिशनचा मंगळूर येथील कौलांचा कारखाना १८६५ सालीं निघाला, तेव्हां काचेच्या कौलाचा काळ त्याच्या अलीकडचा, हें सांगावयास नको.

आतां कमानींतील रंगीत तावदान हातीं आलें असतां काय पाहावें? पहिली गोष्ट पृष्ठभाग. तावदानावर फुलें, चांदण्या, दाणे किंवा खवले ह्यांची उठावदार नक्षी असेल, तर ती काच रुळाखालून काढलेली आहे. अशी नक्षीदार काच यंत्रावर विपुल होऊं लागली ती १८८० नंतरच्या दशकांत. तिला पेशवाईंतील म्हणणें म्हणजे बाजीरावाच्या हातांत घड्याळ बांधणें होय. नक्षी नसेल तर लाटा व बुडबुडे पाहावे. ते वर सांगितलेच आहेत. लाटा अगदीं सरळ व एकमेकींस समांतर असतील तर ती यंत्रानें ओढून काढलेली काच होय. बेल्जमांतील फूरको ह्याची ही रीत १९१४ पासून व्यवहारांत आली. लाटा मुळींच नसतील, प्रतिबिंब आरशासारखें सरळ दिसत असेल, तर ती वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली काच; ही रीत इंग्लंडांतील पिल्किंग्टन ह्यांनीं १९५९ सालीं जाहीर केली, व आपल्याकडे तिचा कारखाना गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तळोजें येथें निघाला. अशा काचेच्या एका बाजूस कथलाचा सूक्ष्म अंश राहतो, व आंखूड लहरींच्या अतिनील दिव्याखालीं ती बाजू ओळखूं येते.

दुसरी गोष्ट रंग. निळा रंग बहुधा कोबाल्टाचा, हिरवा लोखंडाचा किंवा तांब्याचा. तांब्यापासून केलेली तांबडी काच इतकी गडद होते कीं तिचा जाड पत्रा काळाच दिसावा. म्हणून साध्या काचेवर तांबड्या काचेचा पातळ थर देत. फुटक्या कडेकडे पाहिल्यास हे दोन थर निरनिराळे दिसतात. फिकट जांभळ्या काचेविषयीं मात्र सावध असावें. काचेचा हिरवट मळ घालविण्यासाठीं पूर्वीं तींत मँगनीज टाकीत. अशी काच वर्षानुवर्षें उन्हांत राहिली म्हणजे आपोआप जांभळी होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही द्रव्यें बदललीं. तेव्हां कमानीच्या उन्हाकडील बाजूचीं तावदानें जांभळीं व आंतल्या बाजूचीं पांढरीं असा प्रकार दिसल्यास तो रंगाऱ्याचा हेतु नसून सूर्याचें काम होय, आणि काच बहुधा १९१५ च्या आधींची.

कोणी विचारील कीं, ही काच देशी कां नसावी? स्वदेशीच्या चळवळींत काचेचें स्थान मोठें होतें हें खरें. अंताजी दामोदर काळे ह्यांनीं चालविलेल्या व लोकमान्य टिळकांनीं पाठिंबा दिलेल्या पैसाफंडाच्या वर्गणींतून तळेगांव दाभाडे येथें १९०८ सालीं काचकारखाना निघाला, आणि १९१६ सालीं ओगले बंधूंनीं आपला कारखाना काढला. तोच पुढें कऱ्हाडजवळील ओगलेवाडी ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. ह्या कारखान्यांनीं बाटल्या, चिमण्या व कंदील दिले. ओगल्यांचा प्रभाकर कंदील ठाऊक नाहीं असें खेडें महाराष्ट्रांत नव्हतें. परंतु तावदानाचा पत्रा हा निराळा धंदा होता; तो माल दीर्घकाळ परदेशांतून, विशेषतः बेल्जमांतून, येत राहिला.

आमच्या विवेचनाचा कोणी असा अर्थ करूं नये कीं, काच अलीकडची म्हणून घरही अलीकडचें. घर शंभर वर्षें आधींचें असूं शकतें व कमान मागाहून भरलेली असूं शकते. म्हणून काचेपेक्षां तिची चौकट अधिक बोलकी. सुतारानें मूळ लांकडांतच काचेसाठीं खांच काढली असेल आणि काच लुकणानें बसविली असेल, तर कमान काचेसाठींच केलेली होय. उलट, जुन्या लांकडी जाळीच्या पाठीवर पट्ट्या ठोकून काच धरून ठेवली असेल, किंवा खांचेच्या कडा बाकीच्या लांकडापेक्षां ताज्या दिसत असतील, तर काच ही मागाहूनची पाहुणी. अशा घरांत काच अलीकडची ठरली तरी घराची प्रतिष्ठा कमी होत नाहीं. उलट दोन पिढ्यांची श्रीमंती निरनिराळी वाचतां येते.

तुलनेसाठीं ज्यांचा काळ निश्चित आहे अशा काचा पाहून ठेवाव्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहांतील (१८७४) बारा राशींचें वाटोळें गवाक्ष, राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयांतील (१८७८) खिडक्या, आणि नांदगांवास काच आणणाऱ्या त्याच रेल्वेचें बोरीबंदरचें स्टेशन, आतांचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, हीं हाताशीं आहेत. कोल्हापुरास १८८४ सालीं पुऱ्या झालेल्या नव्या राजवाड्यांत तर दरबारी दिवाणखान्याच्या काचांवर शिवचरित्रांतील प्रसंग आहेत. हीं कामें उंची खरीं, आणि नांदगांवच्या कमानींशीं त्यांची बरोबरी नाहीं. पण रंगांचे थर, शिशाच्या पट्ट्या (येथें मात्र शिसें म्हणजे धातुच) आणि काचेची घडण डोळ्यांत बसण्यास त्यांच्यासारखें साधन नाहीं.

हें सर्व आजच लिहिण्याचें कारण असें कीं, साक्षीदार वेगानें नाहींसे होत आहेत. घर पाडलें म्हणजे तुळया व खांब विकत घेणारा येतो. कमान अखंड असेल तर तीही मुंबईच्या चोरबाजाराकडे जाते, आणि तेथें गेल्यावर ती नांदगांवची कीं नवसारीची हें सांगणारा कोणी उरत नाहीं. फुटकें तावदान तर उकिरड्यावरच जातें. ज्यांस शक्य असेल त्यांनीं घर पाडण्यापूर्वीं कमानीचें छायाचित्र उजेडाच्या दोन्ही बाजूंनीं घ्यावें, प्रत्येक तावदानाचें माप, रंग, लाटा व बसविण्याची तऱ्हा लिहून ठेवावी, आणि फुटलेल्या काचेचा बोटभर तुकडा घराचें नांव घालून जपावा. तो तुकडा एखाद्या सनदेइतका देखणा नसेल. पण सनद बनावट करतां येते.

याहून महत्त्वाचें साधन आमच्याच लोकांच्या हातून जात आहे. संग्राहक वाड्यांत जातात ते मोडी रुमाल, सनदा व महजर शोधावयास. कोनाड्यांतील लांब, लाल वेष्टनाच्या वह्या, म्हणजे रोजमेळ, खतावणी व हुंड्यांच्या चोपड्या, ते अलीकडच्या म्हणून बाजूस सारतात, आणि त्या रद्दींत जातात. परंतु मुंबईहून काचेची पेटी किती रुपयांस आली, गाडीभाडें किती पडलें, वाटेंत किती फुटली व सुतारास मजुरी काय दिली, हें कोठें लिहिलेलें असेल तर तें ह्याच वह्यांत. नांदगांव, मनमाड, येवलें व चांदवड येथील व्यापारी घराण्यांच्या १८६० ते १९१० ह्या काळांतील अशा चोपड्या, रेल्वेच्या पावत्या किंवा घरबांधणीच्या खर्चाच्या यादी ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं त्यांतील काच, तावदान, आरसा व हंडी ह्या शब्दांचीं कलमें उतरून मंडळाकडे धाडावीं. सरकारी कागद पाहणारांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, नाशिक जिल्हा १८६९ सालीं झाला व नांदगांव त्यापूर्वीं खानदेशांत मोडत असे. तेव्हां त्या वर्षाआधींचे कागद नाशिकच्या नव्हे, तर खानदेशच्या दफ्तरांत शोधावे लागतील.